उजव्या पायाचा गिअर

१५ फेब्रुवारी, शनिवार

गाडी ठरली! मिळाली असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. ठरली. रोजनिशीत तरी शब्द मापात हवा.

धायरी गावठाणात सोनबा आबांच्या विहिरीवरची मोटर जळाली होती. पाच एचपी. नवीन वाइंडिंग भरून आज सकाळी बसवायला गेलो. बसवली, पाणी पडलं, हात धुवायला गोठ्याकडे वळलो – आणि गोणपाटाखाली ती! बुलेट. १९८४ची. टाकीवरच्या सोनेरी रेघा हाताने ओढलेल्या, कुठेही थरथर नाही. गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. जुन्या बुलेटला असायचे तसे. आजच्या सगळ्या गाड्यांच्या बरोबर उलटे.

"विकायची आहे का?" असं विचारून मोकळा झालो. का विचारलं ते माहीत नाही. वय बावन्न. आजवर मोटरसायकल चालवलेली नाही. एकदाही नाही.

आबा बाजेवर बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, किक मारणं बंद झालं, म्हणून गाडी बंद. त्यांचा मुलगा आनंद मधेच बोलला, "विकायचीय ना! आठ जण बघून गेले. आबाच कुणाला देईनात."

आबांची अट एकच. "आमच्या दारातनं ही गाडी टेम्पोत बसून जायाची न्हाई. घेणाऱ्यानं सोता चालवत न्यायची. पाडव्याच्या दिवशी. जमलं तर गाडी त्याची. न्हाई जमलं तर इषय संपला."

मी खरं ते सांगितलं. "मला चालवता येत नाही."

आबांनी मान वर केली. पहिल्यांदाच नीट बघितलं माझ्याकडे. "सायकल?"

"येते."

"मोटारसायकल अजिबात न्हाई?"

"अजिबात नाही."

"मंग मिस्त्री, गाडी तुम्हालाच."

आनंद उडालाच. "आबा, अहो, त्यांना येत नाही म्हणतायत ते!" आबा म्हणाले, "शिकत्याल की. अंगण हाय, गाडी हाय."

कोंढव्याचा एक जण येऊन गेला होता म्हणे – खास जुन्या बुलेटचाच मेकॅनिक. त्याला परत पाठवलं आणि मला निवडलं! कारागीर कारागिराला ओळखतो. खरं बोलणाऱ्यालाही ओळखतो. आज छाती दोन इंच फुगलेली आहे, मोजली नाही तरी सांगतो.

रोज सकाळी सात ते आठ, त्यांच्याच अंगणात सराव. पाडवा ३० मार्चला. त्रेचाळीस दिवस.

१६ फेब्रुवारी, रविवार

पूर्णिमाला सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"कुणाची गाडी?"

"आपली. होईल."

"चालवणार कोण?"

"मी."

हातातली जुडी पूर्ण निवडून झाली, मग म्हणाली, "अहो, बावीस वर्षं माझ्या मागे बसलात. कधी बोलला नाहीत, मान अवघडते म्हणून."

इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. बावीस वर्षं सकाळी तिच्या स्कूटरवर मागे बसून सदाशिव पेठेत दुकानावर उतरतो. ती पुढे दवाखान्यात जाते, रिसेप्शनला. माझ्या मांडीवर हत्यारांची पिशवी. राजाराम पुलाच्या सिग्नलला शेजारचे बघतात. काही जण हसतात. मी समोर बघतो. समोर तिचं हेल्मेट.

तरुणपणी गाडीला पैसे नव्हते. पैसे आले तेव्हा शिकायचं वय गेलं होतं, आणि वय गेलं की शिकताना बघणारे वाढतात. मी वाइंडिंग कोणासमोर शिकलो नाही. जळालेली मोटर घरी आणली, एकेक वेढा मोजत उलगडली, तशीच परत भरली. पहिल्या तीन जळाल्या. चौथी अजून चालू आहे. आयटीआयवाले आज माझ्याकडे विचारायला येतात. पण ते शिकणं बंद दाराआड होतं. हे चारचौघांत आहे. अवघड आहे ते हेच, गाडी नव्हे.

पूर्णिमा म्हणाली, "पाडव्याला गाडीवरून आलात तर घरी चक्का टांगते. नाहीतर कात्रज डेअरीच्या श्रीखंडाचा डबा आणू. उपाशी नाही राहणार, काळजी करू नका."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

शिकाऊ लायसन्स! पंधरापैकी चौदा. चुकलेल्या प्रश्नात चित्रच धूसर होतं. तसं त्या खिडकीवरच्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "काका, पास झालात ना? मग पुढच्याला येऊ द्या."

आजवर ज्या परीक्षेला बसलो नव्हतो ती पास झालो. दुकानात गेल्यावर लायसन्सची प्रत चारही कडा समान ठेवून पिशवीत घातली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पहिला दिवस. फक्त किक. गाडी चालवणं दूरच.

किक मारली – तिने परत मारली! घोट्यावर असा दणका की डोळ्यांपुढे काजवे. एकवीस वेळा मारली. एकदाही सुरू नाही. आबा बाजेवर. एक शब्द नाही. तंबाखू मळत होते. मुक्ताबाईंनी, म्हणजे आबांच्या मंडळींनी, हळदीचा लेप दिला. "लई जोर लावू नगा, मिस्त्री. वयाला बघून करा," म्हणाल्या.

२० फेब्रुवारी, गुरुवार

घोटा सुजला. किक सव्वीस. सुरू शून्य.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सुरू झाली! सुरू झाली! सुरू झाली!

तीनदा लिहिलं. एकदा पुरलं असतं.

झालं काय, की जोर लावणं थांबवून विचार केला. हेडलाइटच्या वर एक छोटं मीटर आहे, विजेचं. त्याला काटा. त्याच्याकडे कोणी बघत नाही. मी विजेचा माणूस, आणि तीन दिवस मीही बघितलं नाही! किल्ली दिली, किक हळूहळू दाबत नेली. काटा एका बाजूला गेला, आणि एका जागी चटकन मधे आला. म्हणजे आत पिस्टन नेमका कुठे आहे हे काटा सांगतो. तिथे थांबायचं. डाव्या मुठीपाशी छोटी लिव्हर आहे, ती दाबून किक बोटभर पुढे न्यायची. लिव्हर सोडायची. मग पाय वर घेऊन एक सरळ, शांत किक.

धड्-धड्-धड्-धड्. गोठ्यातली म्हैस उभी राहिली.

हे मला कोणी सांगितलं नाही. आबांना माहीत असणारच. चाळीस वर्षं चालवली त्यांनी. पण गप्प राहिले. परीक्षा बघतात माझी. खरा जाणकार असाच असतो, सगळं ताटात वाढत नाही. मी वळून त्यांच्याकडे बघितलं तर ते तोंड फिरवून म्हशीला ओरडत होते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पहिला गिअर. क्लच सोडला. गाडी उडी मारून बंद. असं अकरा वेळा.

आबा आज मात्र प्रसन्न दिसले. मला स्वतःहून चहा सांगितला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

अंगणाची लांबी टेपने मोजली: एकशे दहा फूट. त्यातले साठ फूट गेलो! पाय टेकवत, पण गेलो.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज आबा बोलले.

दुसरा गिअर टाकत होतो. उजव्या पायाने खाली. पडेना. नुसता करकर, करकर आवाज. तिसऱ्यांदा करकरला तेव्हा बाज वाजली. बघतो तर आबा उठलेले. काठी टेकत तरातरा आले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस तरातरा! काठीचं टोक माझ्या नडगीवर.

"गिअर हाय त्यो! ऊस न्हाई मोडायचा. क्लच पुरता दाबा. पुरता! आन् चवड्यानं. टाच कशापाय घालताय?"

चवड्याने टाकला. टक्. लोण्यात सुरी जावी तसा.

"आसं," म्हणाले. मग जरा उभे राहिले. काहीतरी चुकल्यासारखा चेहरा. आणि परत बाजेवर जाऊन बसले.

परीक्षा संपली, शिकवणी सुरू! नऊ दिवसांत गुरूला बोलतं केलं.

१ मार्च, शनिवार

आबा आता गप्प बसूच शकत नाहीत. "डोळं चाकावर नगं, फुडं." "मूठ अशी का आवळली? गाईची धार काढताय का?" "बिरेक डाव्या पायानं, हळू. आंडं हाय पायाखाली समजा."

प्रत्येक सूचना दुकानातल्या वहीत उतरवली. चौतीस झाल्या. वीस नंबरची आणि सत्तावीस नंबरची एकच आहे, पण शब्द वेगळे आहेत म्हणून दोन्ही ठेवल्या.

२ मार्च, रविवार

आजचा दिवस सोन्याच्या अक्षरांत. निळ्या पेनने लिहितो.

रणजित आला. पूर्णिमाचा धाकटा भाऊ, कॉलेजपासून मोटरसायकलवर. आजवर सात गाड्या बदलल्या. "दाजी, तुम्ही शिकताय म्हणे! द्या इकडे, मी दाखवतो. ह्यात काय आहे? पोरं चालवतात." पूर्णिमाही आली होती, स्कूटरवर, पदर खोचून, जत्रेला आल्यासारखी.

रणजितने किक मारली. चौदा वेळा. मी मोजल्या. शेवटी मीच काट्याकडे बघून एका किकमधे सुरू करून दिली. काही बोललो नाही. बोलायची गरज नव्हती.

तो निघाला. झोकात निघाला. समोर कडब्याची गंजी. ब्रेक लावायला त्याने सवयीने उजवा पाय दाबला. उजव्या पायाला ब्रेक नाही, गिअर! दुसरा पडला. डाव्या पायाचा त्याला पत्ताच नाही. "अरे, अरे, अरे" करत थेट गंजीत. बाहेर फक्त बूट दिसत होते. पांढरे, महागातले.

गाडीला ओरखडा नाही. आधी तेच बघितलं. मग रणजितला.

मुक्ताबाई पदराआड हसत होत्या. "ह्यो पावणा शिकवाया आला व्हता का शिकाया?"

पूर्णिमा म्हणाली, "रणजित, कडबा झटक. आणि केसांतलं पण. आणि आईला सांगू नकोस, मी सांगते."

मग मी बसलो. पहिला, दुसरा, वळण, ब्रेक, न्यूट्रल. तीन फेऱ्या. पाय एकदाही चुकला नाही. आत्ता लिहिताना लक्षात येतंय – रणजितच्या पायांना तीस वर्षांची सवय आहे, माझ्या पायांना कसलीच नाही. ही गाडी ज्याला येतं त्याला येत नाही. माझी पाटी कोरी आहे, आणि तेवढंच लागतं! उशिरा शिकण्याचा फायदा असतो हे कोणत्या पुस्तकात लिहिलेलं नाही. म्हणून इथे लिहिलं.

सगळे रणजितला हसत होते तेव्हा आबा मात्र माझ्या पायांकडे बघत होते. "तुमचं पाय बरे पडत्यात," म्हणाले. पण कपाळावर आठी. कडक माणूस. कौतुकही आठी घालून करतात.

९ मार्च, रविवार

चार गिअर. अंगणात चौथा टाकायला जागा नाही, म्हणून आबांनी मागच्या रानात जाऊ दिलं. ज्वारी काढलेली, रान मोकळं. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्यानेच.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. सराव बंद. अंगणात रंगलेली मंडळी. आबांनी गाडीवर स्वतः गोणपाट टाकलं आणि दिवसभर शेजारी बसून राहिले, असं आनंद फोनवर सांगत होता. "आबांचं काय कळत नाही," म्हणाला. मला कळतं. माझ्या गाडीची काळजी घेत होते.

१७ मार्च, सोमवार

एक गोष्ट विसरलो होतो. मी! विसरलो!

गाडी अंगणात चालवायची नाही, दारातून बाहेर न्यायची आहे. आणि दारात चढ आहे. रस्ता दर दोन-तीन वर्षांनी काँक्रीट खाऊन वर येतो आणि घरं खाली राहतात. चढ मोजला: लांबी चौदा फूट, उंची अडीच फूट. वर पोचलं की लगेच रस्ता, पाण्याचे टँकर. म्हणजे चढाच्या टोकाला थांबायचं, दोन्हीकडे बघायचं आणि तिथूनच पुन्हा गाडी उचलायची. चढावर उभी असलेली बुलेट!

आज सहा वेळा. सहाही वेळा बंद पडून मागे घसरलो. शेवटच्या वेळी आनंदने मागून धरली म्हणून.

२० मार्च, गुरुवार

नऊ वेळा. नऊ वेळा बंद.

"आबा, काय चुकतंय?"

"बघा तुमचं तुम्ही. तुम्ही मिस्त्री."

पुन्हा गप्प झाले. चौतीस सूचना देणारा माणूस चढाबद्दल एक शब्द बोलत नाही. शेवटची परीक्षा असणार. पण दहा दिवस उरले, आणि आज पहिल्यांदा वाटलं, नाही जमणार. पूर्णिमाला बोललो नाही. तिने विचारलंही नाही, नुसतं रात्री जेवताना घोट्याकडे बघितलं.

२३ मार्च, रविवार

टेम्पो आला!

बाणेरचा सलिल नावाचा मुलगा, आयटीतला. आधीच्या आठांतला. टेम्पोत फळी, दोर, दोन माणसं. "आजोबा, लास्ट ऑफर." त्याच्यासमोरच मी चढावर घसरलो. तो धावत आला, हात दिला, आणि म्हणाला, "अंकल, नो ऑफेन्स, पण तुम्हाला नाही झेपणार. अशा बाइकला प्रॉपर केअर लागते. मी एकतीसला येतो, ओके? तुमचं नाही झालं तर मी आहेच."

एकतीसला! म्हणजे माझ्या हरण्याची तारीख ठरवून गेला! अंगाची लाही लाही झाली.

आबा मात्र त्याला हसून म्हणाले, "या की. चा प्यायला या." सव्वा महिन्यात मी त्यांना पहिल्यांदा इतकं मोकळं हसताना बघितलं. त्यांची खात्री आहे माझ्याबद्दल. सलिलला चहावरच परत पाठवणार! एवढा विश्वास टाकलेला माणूस, आणि मी चौदा फुटांत अडकलो आहे.

२५ मार्च, मंगळवार

सात वेळा. सात बंद.

मुक्ताबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या मिस्त्री, घरी बाईमाणूस वाट बघत आसंल." बोलणं मायेचं होतं. जास्त लागलं.

२७ मार्च, गुरुवार

सापडलं!!

आज सदाशिव पेठेतल्या एका सोसायटीत पंप बघायला गेलो. मोटर घुं-घुं करून बंद पडते अशी तक्रार. वॉचमनला म्हटलं, चालू करून दाखव. त्याने वरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून बटण दाबलं. घुंऽऽ – बंद. मी ओरडलो, "अरे, आधी मोटरला वेग घेऊ दे! व्हॉल्व्ह बंद ठेव. पूर्ण वेगात आली की मग हळूहळू उघड. उभ्या मोटरवर एकदम भार टाकलास तर ती बंद नाही पडणार तर काय करणार?"

आणि तिथेच थांबलो. हातात टेस्टर. तोंड उघडं.

क्लच म्हणजे व्हॉल्व्ह! मी चढावर क्लच सोडायचो, गाडी दमायला लागली की मग मूठ पिळायचो. आधी भार, मग ताकद. सत्तावीस वर्षं लोकांना जे करू नका म्हणून सांगतो, तेच करत होतो! दुकानाबाहेर मी स्वतः पाटी रंगवून लावली आहे: "मोटर का जळाली हे आम्हाला विचारू नये. आपणास माहीत असते." ती मलाच लागू.

वॉचमन म्हणाला, "काका, बरं वाटत नाही का?"

म्हटलं, फार बरं वाटतंय.

२८ मार्च, शुक्रवार

डावा पाय ब्रेकवर. मूठ आधी – इंजिनाचा आवाज भरदार होऊ दिला. मग क्लच, व्हॉल्व्ह उघडावा तसा, पावशेर-पावशेर. गाडीचं नाक जरा उचलल्यासारखं झालं. तिथे ब्रेक सोडला.

चढली! वर जाऊन थांबलो, बघितलं, पुन्हा उचलली, पुन्हा चढली. रस्त्याच्या कडेला गाडी वळवून खाली. परत. दहापैकी दहा! दहापैकी दहा!! आनंद टाळ्या वाजवत होता. मुक्ताबाईंनी दोन्ही कानशिलांवर बोटं मोडून दृष्ट काढली.

आबा दहावी फेरी बघून उठले आणि आत गेले. भरून आलं असणार. मी मागे गेलो नाही. अशा वेळी माणसाला एकटं सोडावं.

२९ मार्च, शनिवार

विश्रांती. विमा, पीयूसी, आरटीओचे फॉर्म – सगळं पारदर्शक पिशवीत, लागेल त्या क्रमाने. लाल एल स्वतः कापला. जाडी सगळीकडे पाऊण इंच.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा.

नेली. मी नेली. चालवत.

सविस्तर लिहितो, कारण असा दिवस परत येणार नाही.

आठ वाजता रिक्षाने पोचलो. पूर्णिमा आणि रणजित स्कूटरवर मागून. (रणजित मागे बसला होता! त्याची गाडी सर्व्हिसिंगला होती. काही बोललो नाही.) आबांच्या दारात गुढी उभी. गोणपाट काढलेलं, गाडी पुसलेली – आबांनी पहाटे स्वतः पुसली म्हणे, आरेसुद्धा, एकेक. मुक्ताबाईंनी हेडलाइटला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. आनंदने पैसे मोजून घेतले, फॉर्मवर आबांची सही घेतली. आबांनी सही सावकाश केली. फार सावकाश. मग किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"आबा, येतो," म्हटलं. पाया पडलो.

"तेल दर दोन हजाराला बदला," म्हणाले. एवढंच.

काटा बघितला. काटा मधे. एक किक. सुरू!

अंगण ओलांडलं. चढ. ब्रेक, मूठ, व्हॉल्व्ह. वर. डावीकडे टँकर येत होता, जाऊ दिला. उजवीकडे मोकळं. पुन्हा मूठ, पुन्हा व्हॉल्व्ह – आणि मी रस्त्यावर होतो! मागून रणजितची शिट्टी ऐकू आली. पहिला, दुसरा. धायरी फाट्यापर्यंत तिसरा. एक रिक्षावाला बाजूला आला, गाडी बघितली, माझा एल बघितला, आणि म्हणाला, "काका, उलटं शिकलात काय? लोक दुसऱ्या गाडीवर शिकतात आन् मग ही घेतात." म्हटलं, "त्यांचं चुकतं."

घरी चक्का टांगलेला होता. कालच टांगला होता तिने. शुक्रवारी मी काय बोललो होतो? काहीच नाही. "तुमचं तोंड बघून टांगला," म्हणाली.

वळून बघितलं नाही याची एक चुटपुट आहे. दारात आबा उभे होते की नाही, माहीत नाही.

३१ मार्च, सोमवार

दुकानावर गाडीने गेलो! राजाराम पुलाच्या सिग्नलला थांबलो. डाव्या बाजूला स्कूटरवर पूर्णिमा. बावीस वर्षांत तिला बाजूने स्कूटर चालवताना बघितलंच नव्हतं. चांगली चालवते. तसं सांगितलं.

"कळलं का एकदाचं," म्हणाली. सिग्नल सुटला तशी पुढे निघून गेली. मी दीडशे किलोहून जास्त लोखंड घेऊन मागे.



पेठेत समोरच्या झेरॉक्सवाल्याने विचारलं, "कोणाची उभी केलीत?" "माझी." "चालवत कोणी आणली?" "मीच." त्याने दोन ग्राहकांना थांबवून बाहेर येऊन बघितलं. दुपारपर्यंत सहा जण येऊन गेले. एकालाही किक मारता आली नाही. प्रत्येकाला काटा दाखवला. प्रत्येकाला सांगितलं, "धायरीच्या सोनबा आबांनी नऊ जणांतून निवडलं मला."

३ एप्रिल, गुरुवार

मुक्ताबाईंचा फोन. आधी पंपाचं बोलल्या. मग म्हणाल्या, आबा चार दिवस अंगणात बसलेले नाहीत. मग सगळं सांगितलं.

आबांची आणि आनंदची बोली झाली होती. आबांनी एक माणूस निवडायचा. त्याला पाडव्याला गाडी नेता आली तर विकायची. नाही आली तर गाडी गोठ्यातच, कायमची, आणि आनंदने विकायचं नाव पुन्हा काढायचं नाही. "म्हणून तुम्हाला धरलं यांनी, मिस्त्री. म्हणले, ह्या माणसाच्यानं व्हायाचं न्हाई."

"मग शिकवलं का?"

"गिअर करकरा वाजाया लागला. ह्यांना ऐकवंना."

त्यांची निवड चुकली. अभिमानाने लिहितो. पण हे वाक्य तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा मला ते आवडलं नाही.

उद्या सातला गाडी त्यांच्या अंगणात नेतो. रोजच नेत जाईन. किक मी मारीन. पुढे ते बसतील.